कंबोडियात इंग्रजी शिकवायला निघालेय : व्हिसा, पोटपाणी आणि घरच्यांची समजूत

सुलभा_कोथरूड | ६ जून २०२५
नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या विभागात पडीक असते, इकडे पहिल्यांदाच धागा काढतेय. चुकीच्या जागी पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

मराठी माध्यमाच्या शाळेत पाचवी ते दहावीला इंग्रजी शिकवत होते, यंदा स्वेच्छानिवृत्ती घेतली. लेक मार्गी लागलीय, नवऱ्याची नोकरी अजून आहे आणि त्याला कुकर लावता येतो. कंबोडियाच्या दक्षिणेला कंपोत नावाचं नदीकाठचं गाव आहे. तिथल्या एका छोट्या संस्थेने जवळपास वर्षभरासाठी बोलावलंय. सकाळी सरकारी शाळेत, संध्याकाळी त्यांच्या केंद्रात शिकवायचं. पगार नाही. राहायला खोली आणि एक वेळचं जेवण. विमानाचं तिकीट माझं मी.

व्हिसा नक्की कोणता घ्यायचा? संस्था म्हणते "इकडे आल्यावर बघू", ते मला रुचत नाहीये. मी शाकाहारी (अंडं चालतं), तर खाण्याचं काय? आणि रात्री झोप उडवणारा प्रश्न असा की माझं व्याकरण पक्कं असलं तरी उच्चार अस्सल सदाशिव पेठी आहेत. तिथल्या मुलांना गोऱ्या शिक्षकांची सवय असणार. मला बघून त्यांचा हिरमोड व्हायचा.

घरी वेगळाच गोंधळ आहे. कंबोडिया म्हटलं की सासूबाईंपासून सोसायटीच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांना ते सायबर फसवणुकीचे अड्डेच आठवतात.

पोहेप्रेमी | ६ जून
वा! मी पयला. तिकडची मिरी जगप्रसिद्ध आहे हो. कंपोतची मिरी म्हणजे मिऱ्यांमधला हापूस. येताना किलोभर आणा, बाकीचं जाणकार सांगतील.

आप्पा_शनिवार | ६ जून
अभिनंदन वगैरे ठीक. पण ताई, एक विचारू? वेल्ह्यात, भोरमध्ये अशा शाळा आहेत जिथे दोन शिक्षक चार वर्ग सांभाळतात. स्वारगेटहून एसटी मिळते. व्हिसा लागत नाही, पिठलं-भाकरी मिळते, उच्चारांनाही कोणी हसत नाही. सेवा करायची तर विमानातच का बसावं लागतं, हे मला उमगलेलं नाही. हलकेच घ्या.

नेहा_बाणेर | ७ जून
आप्पा, तुम्ही प्रत्येक धाग्यावर हेच लिहिता. कोणी युरोपला फिरायला निघालं की तुम्हाला रायगड आठवतो :)

सुलभाताई, मलाही असंच काहीतरी करायचंय, पण ऑफिसातून दोनच आठवडे सुट्टी मिळेल. एक एजन्सी बघितली. "अनाथाश्रमातल्या मुलांना इंग्रजी शिकवा" असा कार्यक्रम आहे, फी बरीच आहे पण सगळी व्यवस्था तेच बघतात. कोणाला अनुभव?

टेकडीकर | ७ जून
मी कंपोतमध्ये राहून आलोय. आयटीतून ब्रेक घेऊन गेलो होतो, संध्याकाळी कंप्युटर आणि इंग्रजी शिकवायचो. ऑफिसमधून लिहितोय, तेव्हा जमेल तेवढं.

आधी व्हिसा. टुरिस्ट व्हिसावर जाऊ नका, मग संस्था काहीही म्हणो. त्यावर शिकवता येत नाही आणि तो फार वाढवूनही मिळत नाही. 'ऑर्डिनरी' म्हणजे ई प्रकारचा व्हिसा घ्या. ३५ डॉलर फी, सुरुवातीला ३० दिवसांचा, पुढे तिथेच वाढवून मिळतो. वाढवताना संस्थेचं पत्र लागतं. शिवाय तुम्ही राहता त्या जागेच्या मालकाने परदेशी माणूस राहतोय अशी सरकारी अॅपवर नोंद केलेली असावी लागते. २०२० पासूनचा नियम आहे, घरमालक टाळाटाळ करतात, पहिल्याच आठवड्यात मागे लागून करून घ्या. मुदत उलटली तर दिवसाला १० डॉलर दंड. आणि पगार घेत नसलात तरी वर्क परमिट लागतं. ते संस्थेने काढून द्यायचं असतं. "आल्यावर बघू" म्हणणाऱ्यांना हे सगळं मेलवर विचारा आणि लेखी उत्तर मागा. उत्तर कसं येतं त्यावरून संस्था कळते.

घरच्यांची भीती बिनबुडाची नाही. मार्च २०२४ मध्ये आपल्या परराष्ट्र खात्यानेच सांगितलं होतं की कंबोडियातून सुमारे २५० भारतीयांना सोडवून आणलं. पण ती माणसं डेटा एंट्रीच्या, भरघोस पगाराच्या नोकरीच्या आमिषाने एजंटामार्फत गेलेली. तुम्हाला पगारच नाही म्हटल्यावर आमिष कसलं :) तरी संस्थेची नोंदणी तपासा, तिथे आधी राहून आलेल्या दोघांशी फोनवर बोला, पासपोर्ट कधीही कोणाच्या हवाली करू नका (व्हिसा वाढवायला देताना पावती घ्या), आणि पोचल्यावर नॉम पेन्हच्या भारतीय दूतावासात नाव नोंदवा. सासूबाईंना दूतावासाचा नंबर फ्रिजवर चिकटवून द्या, निम्मी काळजी तिथेच मिटते.

नेहा, तुझ्या प्रश्नावर रात्री लिहितो. तोवर पैसे भरू नकोस.

डॉ_अनघा | ७ जून
तब्येतीचं कोणीच विचारलं नाही म्हणून लिहिते. टायफॉइड, हिपॅटायटिस ए, जॅपनीज एन्सेफलायटिस, आणि गावात राहणार असाल तर रेबीजची आधीची लस. रेबीजला दोन डोस, सात दिवसांच्या अंतराने. हे सगळं निघायच्या आदल्या आठवड्यात उरकत नाही, आत्ताच लागा. तिथे पावसाळा मे ते ऑक्टोबर, म्हणजे डेंग्यूही त्याच काळात. ताप आला तर क्रोसिन चालेल, ब्रुफेन किंवा अॅस्पिरिन नको. विमा घेताना गंभीर आजारात दुसऱ्या देशात हलवण्याचा खर्च धरलाय का ते बघा, आणि दुचाकीच्या अपघाताबद्दल बारीक अक्षरात काय लिहिलंय तेही. १२५ सीसीपर्यंतच्या स्कूटरला तिथे परवाना लागत नाही म्हणून सगळे बिनधास्त चालवतात, पण विमा कंपनी तो मागू शकते.

टेकडीकर | ७ जून, रात्री
नेहा, अनाथाश्रमाचं स्पष्टच सांगतो. कंबोडियात २००५ ते २०१० या काळात अशा संस्था झपाट्याने वाढल्या. युद्ध संपून कितीतरी वर्षं लोटलेली, अनाथ मुलं कमी होत चाललेली, आणि आश्रम मात्र वाढतायत. तपासणी झाली तेव्हा कळलं की तिथल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात आहेत. शाळा आणि जेवणाच्या आशेने गरीब घरांनी पाठवलेली मुलं ती. पर्यटक येतात, पैसे देतात, मुलांसोबत फोटो काढतात, म्हणून मुलं लागतात. ऑस्ट्रेलियाने तर २०१८ च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या वेळी याची दखल घेतली.

आणि पंधरा दिवसांत शिकवून होतं काय? वर्गात चाळीस-पंचेचाळीस मुलं. नावं पाठ होईस्तोवर तुझं परतीचं विमान. मग पुढची ताई येते, तीही ए फॉर अॅपलपासून सुरुवात करते. मी गेलो त्या केंद्रातल्या पोरांना रंगांची नावं एवढी पाठ होती की झोपेतून उठवून विचारा. पण "काल तू कुठे गेला होतास" हे विचारलं की सगळे खाली बघायचे. अमेरिकेच्या पीस कोअरचे (सरकारी स्वयंसेवक योजनेचे) लोक २००७ पासून तिथे येतात. ते आधी काही महिने भाषेचं प्रशिक्षण घेतात, गावात कुटुंबासोबत राहतात आणि मग दोन वर्षं शिकवतात. त्यांच्या इतर गोष्टींवर कितीही टीका करा, हा हिशोब बरोबर आहे.

नेहा_बाणेर | ८ जून
बापरे. त्यांच्या वेबसाइटवर पहिल्याच पानावर मुलांसोबतचे फोटो आहेत. रद्द.

चिंतातुर_जंतू | ८ जून
टेकडीकर, चांगली माहिती. पण मग अनुभव नसलेल्याने जाऊच नये का? सगळ्यांनाच वर्षभर सुट्टी घेणं परवडत नाही.

टेकडीकर | ८ जून
फिरायला जावं की. अंगकोरची जुनी देवळं बघावीत, तिथल्या लोकांच्या खानावळीत जेवावं, त्यांच्या दुकानातून खरेदी करावी. पैसा थेट पोचतो आणि वर्गही बिघडत नाही.

आप्पा_शनिवार | ८ जून
मी हेच म्हणत होतो, फक्त कमी शब्दांत.

भाषावेडा | ८ जून
सुलभाताईंच्या उच्चारांच्या प्रश्नाकडे कोणी वळलंच नाही. मी भाषाशास्त्रवाला (डेक्कन कॉलेज), ख्मेर, म्हणजे कंबोडियाची भाषा, बोलता येत नाही पण रचना माहीत आहे. तुम्हाला वाटतं ते उलटं आहे.

ख्मेरमध्ये क्रियापदाला काळाचे प्रत्यय नाहीत, अनेकवचनाचेही नाहीत. 'काल' शब्द वाक्यात आला की झालं. त्यामुळे मुलं "यस्टरडे आय गो" म्हणणारच. जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्याला हे ऐकून कानाला खटकतं, पण का चुकतं ते सांगता येत नाही, कारण त्याने नियम कधी शिकलेलाच नसतो. तुम्ही शिकलात, आणि दुसरी भाषा म्हणूनच शिकलात. कुठे अडतं ते तुम्हाला आतून माहीत आहे.

दुसरं, ख्मेरमध्ये शब्दाच्या शेवटी स, ड, ब, ग, फ असे ध्वनी येत नाहीत. जे क, ट, प येतात तेही तोंडातल्या तोंडात गिळलेले. म्हणून राइस, राइट, राइड तिन्ही जवळपास 'राय' ऐकू येतात. इथे सदाशिव पेठी उच्चार वरदान आहे. आपण शेवटचं व्यंजन कसं ठणठणीत वाजवतो! लंडनवाल्यापेक्षा तुमचा 'राइट' त्यांना जास्त स्पष्ट ऐकू येईल. आपल्या खोडी म्हणजे व्ही आणि डब्ल्यूमधला फरक. तेवढा घोटून जा.

लिपी मात्र शिकाच. ब्राह्मीच्या दक्षिणेकडच्या शाखेतून आलेली आहे, व्यंजनांचा क्रम आपल्यासारखाच क-वर्ग, च-वर्ग असा. अक्षरं बघून घाबरायला होतं, पण तक्ता समोर ठेवला की मराठी माणसाला घरची वाट सापडते. स्वरांचा भाग किचकट आहे, तिथे वेळ लागेल.

सुलभा_कोथरूड | ९ जून
भाषावेडा, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. टेकडीकर, तुमच्या सांगण्यावरून संस्थेला मेल टाकला. चार दिवसांत उत्तर आलं नाही तर बेत रद्द, असं घरी जाहीर केलंय.

आप्पा, तुमचा प्रश्न मला टोचला, खोटं कशाला सांगू. पण नोकरीची सगळी वर्षं मी इथल्याच मुलांना शिकवलंय. आता जरा लांब जाऊन बघावंसं वाटतं, त्याला सेवा म्हणू नका हवं तर. हौस म्हणा.

आप्पा_शनिवार | ९ जून
हौस म्हणालात तिथे आमचं भांडण संपलं.

सुलभा_कोथरूड | १४ जून
संस्थेचं सविस्तर उत्तर आलं, वर्क परमिटची जबाबदारीही लेखी घेतलीय. आधीच्या दोघींशी बोलले, त्यातली एक फिलिपिन्सची शिक्षिका आहे. ती म्हणाली, "माझाही तुझ्यासारखाच प्रश्न होता. पहिला आठवडा पालक बघतात, नंतर मुलं घरी जाऊन काय म्हणून दाखवतात ते बघतात." मुंढव्याच्या पासपोर्ट केंद्रात पोलीस क्लिअरन्ससाठी अर्ज केलाय. संस्था तो मागते, ही मला चांगलीच खूण वाटली. मुलांमध्ये काम करणाऱ्याची चौकशी केलीच पाहिजे.

अप्पा बळवंत चौकात जाऊन तक्ते, चित्रकार्डं घेणार आहे. काय काय नेऊ?

टेकडीकर | १४ जून
तक्ते नका नेऊ. कार्डांवर इग्लू आणि झेब्रा असतात, तिकडच्या पोराने त्यातलं काहीच बघितलेलं नाही. तिथे जाऊन मिठागर, ताडाचं झाड, हॅमॉक, मोटरसायकल अशी चित्रं मुलांकडूनच काढून घ्या. न्यायचं तर तुमचा एक छोटा कुकर, गोडा मसाला, मेतकूट आणि चांगल्या टोप्या असलेले मार्कर.

आणि नव्या कोऱ्या डॉलरच्या नोटा. तिथे डॉलर आणि रिएल दोन्ही चालतात, साधारण ४००० रिएलला एक डॉलर. सुट्टे रिएलमध्ये परत मिळतात. रिएलच्या नोटा कितीही मळक्या चालतात, पण डॉलरच्या नोटेला कोपऱ्यात नखाएवढी चीर असली तरी भाजीवाली ती उन्हात धरते, हळूच तुमच्या हातात परत ठेवते आणि गोड हसते. त्या हसण्यापुढे वाद चालत नाही.

पोहेप्रेमी | १५ जून
खाण्याचं कोणीच सांगेना, म्हणून मीच शोधलं. मासे आंबवून केलेला प्राहोक नावाचा प्रकार असतो आणि तो (किंवा फिश सॉस) निम्म्याअधिक पदार्थांत पडतो म्हणे. ताई, तुमचं कसं होणार?

टेकडीकर | १५ जून
खरं आहे. "मांस नको" सांगितलं तर मांस काढतात, फिश सॉस तसाच. बौद्ध उपवासाचं जेवण, असं म्हणून मागा. त्याचा अर्थ सगळ्यांना नीट कळतो, फक्त त्यात अंडंही येत नाही. बाजारात अशी एखादी टपरी असतेच. बाकी भाताची पेज, चिकट भात आणि आंबा, भाजलेली केळी, ताडगोळे. भाज्या भरपूर, खोलीत गॅस असला की प्रश्न मिटला. कंपोतची मिरी हिरव्या घोसांसह बाजारात येते, ती बटाट्याच्या भाजीत घालून बघा. (पोहेप्रेमी, २०१० साली तिला तिथलं भौगोलिक मानांकन मिळालंय. तुमचा हापूस बरोबर निघाला.)

चिंतातुर_जंतू | २५ जुलै
धागा वर काढतोय. थायलंड-कंबोडिया सीमेवर कालपासून गोळीबार चालू आहे. सुलभाताई, तुम्ही निघालात की काय?

सुलभा_कोथरूड | २५ जुलै
नाही, तिकीट ऑगस्टचं आहे. घरी सकाळपासून टीव्ही चालू आहे आणि कोणीही माझ्याशी थेट बोलत नाहीये.

टेकडीकर | २८ जुलै
कंपोत अगदी दुसऱ्या टोकाला, व्हिएतनामच्या बाजूला. दूतावासाने सीमाभाग टाळा अशी सूचना काढलीय, ती पाळा. जमिनीवरची नाकी जूनपासून बंद आहेत, तेव्हा बँकॉकहून बसने जायचा जुना स्वस्त मार्ग विसरा. विमानाने नॉम पेन्ह, तिथून कंपोत साधारण १५० किलोमीटर. आज युद्धबंदी जाहीर झालीय, पण तिकिटाची तारीख बदलता येते का ते विचारून ठेवा.

सुलभा_कोथरूड | २१ सप्टेंबर
मंडळी, पोचले, रुळले, आणि अजून तरी आजारी पडले नाही. लिहायला उशीर झाला कारण संध्याकाळी सातनंतर डोळे मिटतात. शाळा सातला भरते हो! दुपारी अकराला सगळं गाव झोपाळ्यात. शिक्षकांच्या खोलीत भिंतीला हुक आहेत, प्रत्येकाचा आपापला हॅमॉक, मुख्याध्यापकांचा खिडकीशी. पुण्याच्या दुपारी एक ते चारची थट्टा करणाऱ्यांनी इकडे यावं.

इथे आता पितरांचा पंधरवडा चालू आहे, प्चुम बेन म्हणतात. तारखा आपल्या पितृपक्षाशी जुळतात. पहाटे देवळात जाऊन भाताचे गोळे ठेवतात. शेजारच्या आजींनी मलाही नेलं. सासूबाईंना फोनवर सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज पहिल्यांदाच मोकळा वाटला. "मग तिकडची माणसं बरी असणार," म्हणाल्या.

त्या आजींकडूनच एक कळलं, फार खोदून मी विचारत नाही. १९७५ ते ७९ च्या काळात, ख्मेर रूजच्या राजवटीत, शाळा बंद होत्या आणि शिकलेली माणसं, शिक्षक निवडून मारले गेले. त्यानंतरच्या दशकात शाळेत व्हिएतनामी, रशियन. इंग्रजी चोरून शिकायचे. १९९२-९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे लोक आले तशी इंग्रजीची मागणी एकदम वाढली. मला इथे साठीतले इंग्रजी शिक्षक फारसे भेटत नाहीत. का नाहीत, हे वर्गात उभं राहिल्यावर रोज आठवतं.

आता खरी गोष्ट. पहिल्या आठवड्यात इथल्या इंग्रजीच्या बाई, वय असेल तिशीचं, माझ्याशी फक्त हसायच्या. बोलायच्या नाहीत. मला वाटलं लाजतायत. मग केंद्रातल्या एका मुलाने सांगितलं की त्या संध्याकाळी घरी शिकवण्या घेतात, पगार पुरत नाही म्हणून. आणि आमचं केंद्र संध्याकाळीच फुकट शिकवतं, परदेशी शिक्षिका घालून. म्हणजे मी त्यांचं गिऱ्हाईक पळवत होते! संस्थेतल्या कोणालाही हे सांगावंसं वाटलं नव्हतं.

चिंतातुर_जंतू | २१ सप्टेंबर
अरे देवा. मग?

सुलभा_कोथरूड | २२ सप्टेंबर
मग संस्थेशी दोनदा वाद झाला. देणगीदारांना वर्ग भरलेले दिसायला हवेत, असं त्यांचं म्हणणं. शेवटी ठरलं की माझा पाचवी-सहावीचा संध्याकाळचा वर्ग बंद. त्याऐवजी आठवड्यातून तीन दिवस मी शिक्षकांसोबत बसते. ज्यांच्याकडे शिकवणी नाही अशा शेवटच्या वाडीवरच्या मुलांचा तेवढा वर्ग ठेवला. सकाळी शाळेत बाई शिकवतात, मी मागच्या बाकावर. त्या थांबल्या की मी एखादं वाक्य म्हणून दाखवते. त्यांचं व्याकरण चोख आहे, बोलायला घाबरतात इतकंच. नववीत मीही अशीच होते.

टेकडीकर | २२ सप्टेंबर
हे मी सांगायला हवं होतं. माझ्या वेळी कंप्युटरमुळे हा प्रश्न तितका आला नाही. पण तुम्ही जिथे आणून ठेवलंत तीच जागा बरोबर आहे. तुम्ही परत आल्यावर वर्गात त्या बाईच असणार.

नेहा_बाणेर | २३ सप्टेंबर
पण मुलांना वाईट वाटलं असेल ना? वर्ग बंद झाला म्हणून?

सुलभा_कोथरूड | २४ सप्टेंबर
वाटलं. दोन दिवस. मग बाईंच्या शिकवणीला गेली. ज्यांना फी जड जाते अशा तिघांची फी बाईंनी अर्धी केली, मी न सांगता.

भाषावेडा | २४ सप्टेंबर
ताई, उच्चारांचं काय झालं ते सांगा ना. मी त्यासाठीच थांबलोय.

सुलभा_कोथरूड | २६ सप्टेंबर
राइस-राइट-राइडचं अगदी तुम्ही म्हणालात तसंच. बाईंनी आणि मी मिळून एक खेळ काढला. तोंडासमोर कागदाचा कपटा धरायचा. शेवटचा ट वाजला की कपटा हलला पाहिजे. गिळलेल्या ट ने हलत नाही. पोरं इतकी पेटली की शेजारच्या वर्गाचे सर तक्रार घेऊन आले आणि तेही एक कपटा घेऊन गेले.

तुम्ही न सांगितलेली एक गंमत. एका मुलीच्या वहीत पानभर इंग्रजी, अक्षर मोत्यासारखं, आणि सगळे शब्द एकमेकांना चिकटलेले. एक सलग ओळ. मला वाटलं वही संपवायची नाहीये, कंजूषपणा. बाई म्हणाल्या, आमच्या लिपीत शब्दांमध्ये जागा सोडतच नाहीत, वाक्य किंवा त्याचा तुकडा संपला की सोडतात. आता ती मुलगी डाव्या हाताची करंगळी प्रत्येक शब्दानंतर कागदावर ठेवते, तिच्यापलीकडून पुढचा शब्द लिहिते. करंगळी शाईने निळी. व्ही आणि डब्ल्यूचं माझं अजूनही घोळतंय, पण ते फक्त मला कळतं.

गोऱ्या शिक्षकाचं म्हणाल तर एका पालकांनी पहिल्या दिवशी विचारलंच, खरी इंग्रजी बाई कधी येणार. संस्थेतली मुलगी लाजेने लाल झाली. मी म्हटलं, या महिन्यात तरी मीच आहे. परवा तेच गृहस्थ केळ्यांचा फणा देऊन गेले. मत बदललं का, माहीत नाही. केळी चांगली होती.

आप्पा_शनिवार | २७ सप्टेंबर
तो शिकवणीचा प्रकार वाचून एक लिहितो. आपल्याकडे २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं तेव्हा जिल्हा परिषदेच्या मास्तरांना असंच वाऱ्यावर सोडलं होतं. वरून तज्ज्ञ यायचे, नमुना पाठ घ्यायचे, चहा पिऊन जायचे. मागच्या बाकावर कोणी बसलं नाही. माझी बायको त्या मास्तरांतली एक.

बाकी माझं मत कायम. परत आल्यावर वेल्ह्याची एसटी दाखवतो.

डॉ_अनघा | २७ सप्टेंबर
उकळलेलं पाणी पिताय ना? आणि मच्छरदाणी?

सुलभा_कोथरूड | २८ सप्टेंबर
२० लिटरचा जार घेते, घरोघरी तसाच येतो. मच्छरदाणी आहे, संध्याकाळी मोजे घालून शिकवते, मुलं हसतात. आप्पा, वहिनींना सांगा, त्यांच्याशी मला सविस्तर बोलायचंय. त्यांनी तेव्हा काय काय करून बघितलं ते इथे उपयोगी पडेल. तुम्ही मध्ये बोलू नका.

पोहेप्रेमी | २९ सप्टेंबर
मिरीचं कुठवर आलं?

सुलभा_कोथरूड | ८ नोव्हेंबर
उशिराबद्दल क्षमस्व. जलोत्सवाच्या सुट्ट्या होत्या, आपल्या त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमाराला असतात. लांबलचक होड्यांच्या शर्यती बघितल्या. आता नवीन वर्ग, नवीन वह्या.

वहिनींशी (आप्पांच्या बायकोशी) तासभर बोलणं झालं. त्यांनी पहिलीच्या वर्गासाठी स्थानिक बाजारावरून केलेले संवाद फोटो काढून पाठवले. टोमॅटोच्या जागी मिरी टाकली, रुपयांच्या जागी रिएल, बाकी जसंच्या तसं चाललं. बाई आता ते स्वतः बसवतात, मुलांना भाजीवाली आणि गिऱ्हाईक करून. फाटक्या डॉलरचा प्रवेश मुलांनीच घातला.

व्हिसा वाढवून झाला. घरमालक नोंदीसाठी तीन वेळा "उद्या" म्हणाले, मग मी त्यांच्या दारात सकाळी खुर्ची टाकून बसले. पुणेरी उपाय इकडेही लागू पडतो. दुपारपर्यंत झालं काम.

नेहा, तू मेसेजमध्ये विचारलंस म्हणून इथेच लिहिते, इतरांनाही होईल. दोन आठवडेच असतील तर इकडे फिरायला ये, माझ्याकडे उतर, शाळेत नको. आणि खरंच शिकवायचं मनात असेल तर आधी पुण्यातच एखाद्या वस्तीच्या अभ्यासिकेत वर्षभर शनिवार-रविवार शिकवून बघ. १२० तासांचे शिक्षक प्रशिक्षणाचे कोर्स असतात. त्यातला निवडताना प्रत्यक्ष मुलांसमोर शिकवायला लावतात का, ते विचार. नुसते ऑनलाइन व्हिडिओ बघून मिळालेलं प्रमाणपत्र इथे कोणी वाचतही नाही.

नेहा_बाणेर | ८ नोव्हेंबर
डिसेंबरात येते. काय आणू?

सुलभा_कोथरूड | ९ नोव्हेंबर
कुकरची रिंग, २ लिटरवाली. मेतकूट अर्धा किलो. काळे मार्कर, निळे नकोत, निळे इथे मिळतात. आणि वहिनींनी संवादांचा दुसरा गठ्ठा काढून ठेवलाय, तो शनिवार पेठेतून उचल. दुपारी एक ते चार सोडून.